दोन बोटं जास्त

"टेप लागतो टेलरला. गुरम्माला लागत न्हाय!" असं म्हणून गुरम्मानं उजव्या हाताची दोन बोटं जोडून सगळ्यांना दाखवली. "माझ्या मापाचा कागद घ्यायचा. कापताना कडंनं ही दोन बोटं जास्त सोडायची आन् कातर मारायची. एवढं करून चोळी अंगाला बसली न्हाय, तर हे मशीन मी माझ्या हातानं उचलून मैंदर्गीला नेऊन दीन."

मैंदर्गीचं नाव काढायची काही गरज नव्हती. पण गुरम्मा बोलायला लागली की तिथंसुद्धा दोन बोटं जास्तच सोडायची.

गोष्ट अशी होती की ते हातानं फिरवायचं मशीन तिच्या सासूचं. सासू जाताना एवढंच म्हणाली, "जी शिवंल तिचं," आणि डोळे मिटले. सून म्हणाली, "मी शिवती." मैंदर्गीची नणंद नीलव्वा म्हणाली, "मी शिवीन." या 'शिवती' आणि 'शिवीन'मध्ये मशीन चार वर्षं गुरम्माच्या घरी, भवानी पेठेतच राहिलं होतं. पण यंदा नीलव्वानं कळवलं, की संक्रांतीच्या जत्रंला येतो तेव्हा मशीनचं काय ते बघून जाऊ.

गुरम्माचा नवरा शिवशरण किराणा दुकानदार. राहायचं मागं, दुकान पुढं. तो कुणाच्याच बाजूचा नव्हता. तो म्हणाला, "मशीन वापरात असंल तर ऱ्हाऊ दे. न्हाय तर अक्काला नेऊ दे. मी तरी त्याच्यावर गोडंतेलाचा डबाच ठिवतो."

म्हणून गुरम्मानं गल्लीतल्या बायका गोळा करून 'भगिनी शिवण मंडळ' काढलं. दर बुधवारी दुपारी, शिवशरण झोपला की मागच्या सोप्यात मंडळ बसायचं. बेत असा, की प्रत्येकीनं खणाची चोळी स्वतः शिवायची, माप सगळ्यांनी वाटून घ्यायचं, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला साऱ्याजणींनी तीच घालून नीलव्वासमोर ओळीनं बसायचं. मशीन वापरात आहे की नाही, ते नीलव्वानं मोजून घ्यावं.

"समद्यांना एकच माप कसं बसंल गं?" सोजरबाईनं विचारलं. ही समोरच्या चाळीतली. नवरा मिलमध्ये, आणि हिच्या तोंडाचा भोंगा मिलच्या आधी वाजायचा.

"पुढं गाठ हाय की! बारीक असंल तिनं ओढून मारावी, जाड असंल तिनं सैल मारावी."

"मग कागद कशाला? मापाला तुझी जुनी चोळीच दे की. उसवून बघता तरी यील."

गुरम्मानं एकदम तिच्याकडं बघितलं. अंगावरची चोळी? परक्या घरात? अंगाचं कापड दुसऱ्याच्या घरी गेलं की त्याचं काय होतं, हे गुरम्माला माहीत नव्हतं. पण काहीतरी होतं, हे पक्कं माहीत होतं. आणि हिलाच बरी नेमकी चोळी पाहिजे? बाकी कुणी मागितली नाही ती?

"कागदच मिळंल," ती म्हणाली.

जुन्या वर्तमानपत्राचे दोन साचे तिनं कापले. एक रुद्राणीच्या हातात दिला. ही शेजारची, नवीनच लग्न होऊन आलेली. रुद्राणीनं शिवून झाल्यावर सोजरबाईला द्यायचा, तिनं पलीकडच्या गोजरबाईला, असा तो घरोघर फिरणार होता. दुसरा साचा गुरम्मानं स्वतःसाठी कोनाड्यात जपून ठेवला. तो शिवशरणनं दुसऱ्याच दिवशी दुकानात नेला आणि त्यात शेंगाचटणी बांधून दिली. चटणीला तेल सुटलेलं होतं. गुरम्माची पाठ आणि दोन्ही बाह्या कुणाच्यातरी भाकरीबरोबर तुळजापूर वेशीकडं निघून गेल्या.

"रद्दी होती की!" शिवशरण म्हणाला.

"रद्दीत माप होतं माझं!"

"मग नाव टाकायचं त्याच्यावर."

आता फिरायला गेलेला साचा परत येईस्तोवर थांबण्याशिवाय इलाज नव्हता. तो परत आला, गोजरबाईच्या हातून. नवाकोरा. म्हणजे प्रत्येकीनं काय केलं होतं, की गुरम्माचा कागद आपल्या हातून फाटला तर तिचं तोंड कोण ऐकून घेणार, म्हणून त्यावरून नवा कागद कापायचा, जुना चुलीत घालायचा आणि नवा पुढं द्यायचा. गुरम्माला कौतुकच वाटलं. बायका कशा शिस्तीत आहेत! तिनं त्या कागदावरून मोरपंखी खण कापला, वर आपली दोन बोटं सोडली, एका दुपारी चोळी शिवून काढली आणि अंगात घातली.

चोळी तिच्या अंगात नव्हती. ती चोळीच्या आत होती. खांदे कोपरापाशी आले. पाठीवर असा फुगा आला, की त्यात एक चंबू सहज मावला असता. गाठ मारली तर पुढं दोन्ही टोकं हातभर लोंबली.

गुरम्मा पलंगावर बसली. माप चुकलंय, असा विचार तिच्या मनाला शिवलासुद्धा नाही. माप तिचं होतं. मग राहिलं काय? राहिली ती.

'मी वाळले,' ती मनात म्हणाली.

बहात्तरच्या दुष्काळात रेशनची मिलो ज्वारी खाऊन जी वाळली नव्हती ती आता, दोन वर्षांनी, घरात तूप असताना वाळली! हे आपोआप होत नाही. हे कुणीतरी करतं.

त्या बुधवारी गुरम्मा चोळीच्या पाठीला टाचण्या लावून, वर पदर घट्ट लपेटून बसली. सोजरबाई आली, दारातच थांबली आणि बघत राहिली.

"गुरम्मा, चोळीत कुटं दिसंना गं तू! वाळलीस की लई!"

आलं लक्षात. पहिलं हिलाच दिसलं!

"न्हाय बाई. हाय तशीच हाय."

"नवरा उपाशी ठिवतोय का? दुकानदाराची बायको आन् खांदं बघा हिचं, खुंटीवरनं लुगडं घसरल्यावाणी."

रुद्राणी तोंडाला पदर लावून हसली. पण हसताना तिचीही चोळी खांद्यावरून घसरली आणि ती तिनं चटकन वर ओढली. गुरम्माच्या नजरेतून ते सुटलं नाही. म्हणजे रुद्राणीसुद्धा! गोजरबाईकडं बघितलं तर ती मागावर बसून बसून ओट्यासारखी झालेली बाई, पण तिच्याही पाठीवर फुगा. फक्त सोजरबाई तेवढी सुती पोलक्यात. "माजी चोळी काय आत्ताच घालनार न्हाय मी. संक्रांतीला," ती म्हणाली.

का घालत नाही? घालून दाखवायला काय झालं? सगळ्या वाळल्या आणि ही तेवढी शाबूत? आणि दर बुधवारी चहा कोण करतं? सोजरबाई! "बस तू गुरम्मा, मी टाकती च्या," असं म्हणून हीच चुलीपाशी जाते.

मंडळ उठल्याबरोबर गुरम्मानं मीठ-मिरच्या घेऊन स्वतःवरून उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. दृष्ट लागली असली तर मिरच्यांचा ठसका येत नाही, हे पोरासोरांनाही माहीत असतं. ठसका असा उठला, की पुढं दुकानातली गिऱ्हाइकं खोकत रस्त्यापलीकडं गेली. शिवशरण डोळे पुशीत आत आला.

"काय जाळायलीस गं?"

"मिरच्या. ह्या आपल्याच दुकानातल्या का?"

"मग?"

"काय भेसळ हाय ह्याच्यात? दृष्ट लागलेली असून ठसका कसा आला?"

शिवशरणला खोकला आवरत नव्हता.

दृष्ट उतरत नसेल तर अंग भरून काढणं एवढंच हातात होतं. गुरम्मानं खायला सुरुवात केली. शेंगापोळी, तिच्यावर तूप. गूळ, त्याच्यावर तूप. शिवशरण दुकानात असला की ही कडी लावून मडक्यापाशी बसायची. नवऱ्यापुढं खायची सोय नव्हती, कारण तो विचारणार, 'का?' आणि वाळले म्हणून सांगितलं, तर तो मैंदर्गीला कळवणार, 'बायकोच्यानं मशीन फिरवणं हुईना.' सोजरबाईच्या चहाला तर ती शिवेनाच. चहा हळूच तुळशीत ओतायची. तुळस वाळली. गुरम्माची खात्री पटली.

इकडं शिवशरणला वेगळाच संशय. तूप उतरत होतं. गडी सरळ माणूस. त्यानं पहिला संशय मांजरावर घेतला, मग सासुरवाडीवर, आणि शेवटी उंदरावर थांबला. बायकोला न सांगता त्यानं तुपाच्या मडक्यामागं लोखंडी चाप लावून ठेवला. सांगितलं तर उंदराला कळतं, असं त्याचं मत होतं.

संक्रांत आठवड्यावर आली असताना, भर दुपारी फळीवर 'खट्ट' वाजलं.

गुरम्माची दोन बोटं चापात होती. तीच दोन, मापाची. ओरडायची सोय नव्हती. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

"सापडला का गं?" दुकानातून शिवशरणनं विचारलं.

"सापडला!"

"केवढा हाय?"

"मोठा हाय!"

"थांब, मी येतो मारायला!"

"नगो! पळाला!" गुरम्मा म्हणाली आणि चाप चुलीमागं भिरकावून दिला.

बुधवारी ती बोटांना चिंध्या गुंडाळून मंडळात बसली.

"काय झालं गं?" गोजरबाईनं विचारलं.

"मशीनची सुई लागली."

"दोनी बोटांना?" सोजरबाई म्हणाली. "सुई हाय का सुळ हाय?"

गुरम्मानं तिच्याकडं रोखून बघितलं. हिला बरी शंका येते प्रत्येक गोष्टीची. काही माणसं संशयीच असतात.

तेवढ्यात गोजरबाई हसायला लागली. "आता गं कसं? ह्या चिंध्यासकट तुजी दोन बोटं म्हंजे आमची चार. कागदावर किती सोडायची मग?"

"कागदावर?" गुरम्मा म्हणाली.

"कागद कापताना सोडली तशी. दोन."

"व्हय की," रुद्राणी म्हणाली. "कापताना दोन बोटं, असं तुमीच सांगितलं न्हवं, वैनी? कागद कापताना बी सोडली, मग कापड कापताना बी सोडली. मी काय इसरले न्हाय."

"मी बी," सोजरबाई म्हणाली.

"मी तर जरा ढिलीच सोडली," गोजरबाई म्हणाली आणि तिनं आपली दोन बोटं जोडून दाखवली. मागावर धोटा मारून मारून एकेक बोट मक्याच्या कणसाएवढं झालेलं.

गुरम्मा त्या कणसांकडं बघत राहिली. रुद्राणीनं दोन सोडली. त्या कागदावर सोजरबाईनं दोन. त्याच्यावर ही दोन कणसं. आणि सगळ्यांच्या वर कापडावर तिची स्वतःची दोन. म्हणजे दृष्ट नाही. चहा नाही. म्हणजे ती वाळलीच नव्हती. म्हणजे ते एवढं सगळं तूप...

तो विचार तिनं तिथंच सोडला. दुसरा जास्त जवळचा होता. आता 'चुकलं' म्हणून सांगितलं, तर कुणाचं चुकलं? 'कापताना' म्हणालं कोण? आणि सोजरबाई ते नीलव्वाच्या कानावर घालायला किती वेळ लावेल?

"बरोबर केलंत," ती म्हणाली. "लई बरोबर. आता फकस्त गाठ तेवढी ओढून मारायची."

पण स्वतः तरी तिला नीलव्वासमोर अंगाला बसलेली चोळी घालूनच उभं राहायला पाहिजे होतं. मंडळ उठल्यावर तिनं ट्रंकेतून ती जुनी, कुणाला न दिलेली, अंगावरची चोळी काढली. तिचे टाके उसवून ती सपाट केली, उरलेल्या मोरपंखी खणावर अंथरली आणि कातर हातात घेतली. बोटांना चिंध्या होत्या, मनात राग होता. तिनं कडेनं एक बोटसुद्धा सोडलं नाही. जेवढ्यास तेवढं कापलं. शिवताना मात्र दुहेरी दोरा घातला आणि प्रत्येक शिवणीवरून दोनदा मशीन फिरवलं. जुनी चोळी आधी अंगात घालून बघावी, हे तिच्या ध्यानात आलं. पण तोवर ती उसवून झाली होती.

जत्रंला नीलव्वा आली. बरोबर तिचा नवरा मल्लप्पा, मोठा फेटा, त्याखाली मोठी मान आणि त्याखाली त्याहून मोठा मल्लप्पा. तो पुढं दुकानात शिवशरणपाशी चुरमुऱ्याच्या पोत्याला टेकून बसला. नीलव्वा सरळ मागं सोप्यात आली आणि आधी मशीनवरून बोट फिरवून धूळ आहे का बघितली.

धूळ नव्हती. नीलव्वाचं तोंड पडलं.

मग तिनं ओळीनं बसलेलं मंडळ बघितलं. रुद्राणीचा एक खांदा उघडा पडत होता, दुसरा ती हनुवटीखाली धरून बसली होती. सोजरबाईनं अखेर आपली चोळी घातली होती. तिची बाही मनगटापर्यंत आल्यामुळं बांगड्या मागं सारायला तिला बाहीत हात घालावा लागत होता. गोजरबाईच्या पाठीवरचा फुगा तर श्वासाबरोबर वरखाली होत होता.

"हे काय गं असलं?" नीलव्वानं विचारलं.

"फॅशन हाय आमच्या पेठंत," गुरम्मा म्हणाली. पण 'पेठंत' तिनं अर्धंच म्हटलं, कारण पुढचं म्हणायला श्वास घ्यावा लागला असता. चोळी तिनं सकाळी घातली होती. घालायला रुद्राणी लागली होती, आणि गाठ मारताना रुद्राणीनं तिच्या पाठीला गुडघा लावला होता. तेव्हापासून गुरम्मा दोन शब्दांच्या वर एका दमात बोलली नव्हती. सगळ्यांना वाटत होतं, नणंद आलीय म्हणून मर्यादा पाळते आहे.

"तुजी तरी बरी बसलीय," नीलव्वा नाइलाजानं म्हणाली. "टेलरकडनं शिवून घेतलीस?"

"मीच. हातानं."

"खरं?"

"खरं."

नीलव्वानं तिच्याभोवती एक फेरी मारली. शिवण बोटानं दाबून बघितली. चूक काढायला कुठं जागाच नव्हती. गुरम्माला त्याच भीतीनं घाम फुटला होता, कारण तिला स्वतःलाही आत कुठं जागा नव्हती.

"बरं, कुंकू लाव की आता समद्यांना," नीलव्वा म्हणाली.

रुद्राणी बसलेली होती, तिला लावून झालं. सोजरबाईला झालं. गोजरबाई मात्र मान म्हणून उठून उभी राहिली. ती उंच बाई. गुरम्मानं करंडा डाव्या हातात घेतला, चिंध्या बांधलेली बोटं कुंकवात बुडवली आणि हात वर केला.

टर्रर्र.

आवाज एवढा स्वच्छ होता, की दुकानातून शिवशरण ओरडला, "कोन कापड फाडायलंय?"

गुरम्मानं पदर अंगाभोवती ओढून घेतला. करंडा खाली पडला. नीलव्वाच्या चेहऱ्यावर संक्रांतीचं ऊन पडल्यासारखं झालं.

"बसली न्हाय!" ती म्हणाली. "वैनी, चोळी बसली न्हाय! समद्या गल्लीला सांगून ठिवलंवतंस म्हनं, बसली न्हाय तर मशीन मैंदर्गीला. आमच्यापतूर आलं ते."

गुरम्मानं पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला, आणि त्या श्वासाचा तिला काही उपयोग झाला नाही. तिनं मशीनकडं बघितलं. चार वर्षं त्याच्या चाकाला तिनं तेल घातलं होतं. घरात हे एवढंच होतं ज्याला तिला विचारल्याशिवाय कुणी हात लावत नव्हतं. नवऱ्याचा गोडंतेलाचा डबा सोडून.

"थांबा," सोजरबाई म्हणाली.

झालं, गुरम्माला वाटलं. आता ही उरलेलं सांगणार.

सोजरबाई उठली, गुरम्माच्या मागं गेली, पदर बाजूला करून वाकून बघितलं आणि नीलव्वाला हातानं धरून जवळ आणलं. "हितं बघा. ही शिवण. एक टाका सुटलाय का? न्हाय. फाटलं कुटं? मधनं. कापड फाटलंय, शिलाई शाबूत हाय. आन् बसली न्हाय म्हनता? अवो, अशी बसलीय की निघंना! मोकळी असती तर फाटली असती का?"

नीलव्वा पुढं सरकली. तिनं शिवण दोन्ही हातांनी ताणली. आणखी कापड फाटलं. शिवण हलली नाही.

"व्हय," ती शेवटी म्हणाली. खोटं बोलावं, तर समोर सगळं मंडळ होतं.

"मग? सासू काय म्हनून गेली? जी शिवंल तिचं. ही शिवती."

दुकानातून मल्लप्पानं चुरमुरे चावत निकाल दिला, "ऱ्हाऊ दे मशीन. कोन उचलून न्हील यष्टीत?"

गुरम्मा सोजरबाईकडं बघत होती. ही आपल्या बाजूनं का बोलली? काय पाहिजे हिला? नीलव्वा पाणी प्यायला आत गेल्यावर तिनं हळूच विचारलंच.

"काय पायजे म्हंजे?" सोजरबाई म्हणाली. "मशीन मैंदर्गीला गेलं तर बुधवारी मी कुटं शिवू? माज्या घरात सुईपन तुजीच हाय." मग जरा थांबून म्हणाली, "आन् त्या तुळशीत च्या वतायची बंद कर. साखर रेशनची असती."

त्या दिवशी गुरम्मानं सोजरबाईच्या हातचा चहा घेतला. आधी वास घेतला, मग घेतला.

नीलव्वा जायला निघाली तेव्हा उंबऱ्यावर अडून उभी राहिली. "मशीन न्हाय तर न्हाय. माप तरी द्या. गावात एकीचं हाय हातमशीन, तिच्याकडनं शिवून घीन."

गोजरबाईनं लगेच कोनाड्यातला, घडी घातलेला कागद काढून तिच्या हातात दिला. गुरम्मानं तोंड उघडलं. मग मिटलं.

"ह्याच्यावरनं नवा कागद कापून घ्या, ह्यो फाटंल," रुद्राणीनं मायेनं सांगितलं.

"आन् कापताना किती सोडायचं?" नीलव्वानं विचारलं.

साऱ्या मंडळानं दोन दोन बोटं वर केली.

पुढच्या आठवड्यात अक्कलकोटच्या यष्टीनं आलेल्या माणसाबरोबर मैंदर्गीचा निरोप आला. चोळी शिवून झाली. ती मल्लप्पाला बसली.